नंदी घाट उतरतो

नंदी आणि महादेव यांच्या मध्ये कुणी यायचं नसतं. देवळात गेलेल्या लहान मुलालाही हे कुणीतरी शिकवलेलं असतं: नंदीच्या शिंगांमधून पिंडी बघायची आणि बाजूने जायचं. मनोरमाआत्याने हा नियम देवळाबाहेर आणून एका दोन चाकांच्या ट्रेलरला लावला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

ट्रेलर राजेंद्र नगरातल्या कृष्णराव पागनिसांच्या घरासमोर उभा होता. त्याच्या पुढे त्यांच्या लेकीची, शिखाची, बोलेरो. नंदी काळ्या दगडाचा होता, बसलेल्या वासराएवढा, आणि त्याला ट्रेलरवर चढवताना गल्लीतली सगळी तरणी माणसं घामाघूम झाली होती. पागनिसांचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. त्यांच्यापैकी कुणीतरी बडवाहच्या पुढे नर्मदेकाठी महादेवाचं एक छोटं देऊळ बांधलं होतं. पिढ्यान् पिढ्या पुराचं पाणी अंगावरून गेल्याने तिथला जुना नंदी साबणाच्या वडीसारखा झिजला होता. म्हणून हा नवा. गाभाऱ्याची दुरुस्ती होईपर्यंत पिंडीही इंदूरला, घरच्या देवघरात आणून ठेवली होती. आता महाशिवरात्रीच्या आधी दोघांना एकदमच पोचवायचं होतं. दुपारचा मुहूर्त होता, आणि दत्तोपंत गुरुजी आदल्या दिवसापासूनच तिथे मुक्कामाला होते.

"महादेव पुढे, नंदी मागे, मध्ये रिकामं!" कंबरेला पदर खोचून मनोरमाआत्या हुकूम सोडत होती. ती कृष्णरावांची थोरली बहीण. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण आवाज अजून चाळिशीतच राहिलेला.

पिंडीची लाकडी पेटी ट्रेलरच्या पुढच्या कडेला बांधली गेली. नंदी लोखंडी नळ्यांवरून घरंगळवत पार मागे नेला. भंडाऱ्याची पातेली, तांदळाचं पोतं, ओट्यासाठी न्यायची सिमेंटची पोती, सगळं नंदीच्याही मागे गेलं. मध्ये कोरी जागा राहिली, नंदीला महादेव दिसावा म्हणून.

शिखा हे बघत होती आणि तिच्या मनात विक्रमचं बोलणं घोळत होतं. विक्रम तिच्याबरोबर पीथमपूरला कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली लादून शर्यतींना जायचा. ट्रेलर त्याचाच. तो देताना त्याने, सगळ्यांनाच 'भिया' म्हणजे भाऊ म्हणायच्या इंदुरी सवयीने, तिला सांगितलं होतं, "सुन शिखा, वजन चाकांच्या पुढे जास्त, मागे कमी. हे उलटं झालं ना भिया, तर मागची गाडी पुढच्या गाडीला हलवते. शेपूट कुत्र्याला हलवतं, समज. आणि हललीच, तर ब्रेक नाही मारायचा. स्टेअरिंग नाही फिरवायचं. पाय उचलायचा आणि सरळ धरून बसायचं. बस."

"आत्या," शिखा म्हणाली, "वजन चाकांच्या पुढे पाहिजे. असं मागे नाही चालणार."

"पुढे म्हणजे कुठे?"

शिखाने मधल्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

"महादेवाच्या नि नंदीच्या मध्ये सिमेंटची पोती रचू? तुझ्या त्या विक्रमला म्हणावं, तू फटफट्या नेतोस. देव नेलेत का कधी?"

"मग पिंडी जीपमध्ये घेऊ आणि नंदीला पुढे सरकवू."

"महादेव एका गाडीत आणि नंदी दुसऱ्या गाडीत? वा! उद्या म्हणशील, महादेवाला बसने पाठवू."

"बाबा, तुम्ही तरी बोला ना."

कृष्णरावांनी आकाशाकडे पाहिलं. "शिखू, ताईशी कोण बहस करणार? एवढंसं तर अंतर आहे. घाट उतरला की पोचलोच समज."

शिखा गप्प बसली. देवाच्या कामात सकाळी सकाळी भांडण नको, असं तिला वाटलं. मोठ्या माणसांना असं बऱ्याचदा वाटतं.

आत्याचा आणखी एक नियम होता. मूर्ती एकटी पाठवायची नाही, घरातलं माणूस सोबत हवंच. नंदीच्या पुढे बसता येत नव्हतं, म्हणून आत्या नंदीच्या मागे, सिमेंटच्या पोत्यांवर गादी टाकून बसली. डोक्यावर पदर, पदरावरून नातीची टोपी, डोळ्यांवर गॉगल. शिखाने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आत्या म्हणाली, "तुझ्या जन्माआधीपासून मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते आहे." मग ठरलं की आत्याने सारा वेळ फोन चालू ठेवायचा, म्हणजे तिचा आवाज जीपमध्ये ऐकू येत राहील.

ट्रेलरच्या मागे दिलेले टेकू काढण्याआधी पुढची दांडी जीपच्या हुकात अडकवताना कृष्णराव खूश झाले. "बघ, एका हाताने उचलली! फुलासारखी!" खरं तर ती दांडी उचलावी लागतच नव्हती. मागच्या वजनाने ती स्वतःच वर यायला बघत होती. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शहरात काहीच जाणवलं नाही. इंदुरात त्या वेळी गाडी पळतेच कुठे? आयटी पार्कच्या चौराह्यावर एका रिक्षावाल्याने नंदीला हात जोडले, आणि आत्याने देवळातल्या पुजाऱ्यासारखा त्याला आशीर्वाद दिला. शिखाच्या मागच्या सीटवर तिची दहा वर्षांची मुलगी स्वानंदी गुडघ्यांवर बसून मागच्या काचेतून नंदीकडे बघत होती. फोनमधून आत्याचं 'ॐ नमः शिवाय' संथपणे चाललं होतं. तेजाजी नगर गेलं, रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं आली. सिमरोलही मागे पडलं. पुढे एक लांब, सरळ, हलका उतार लागला.

कृष्णरावांनी घड्याळ पाहिलं. "जरा पळव ना, रस्ता मस्त आहे."

शिखाने थोडं पळवलं. काटा साठाच्या पुढे गेला. तेवढ्यात उजवीकडून एक बस भर्रकन निघून गेली आणि तिच्या वाऱ्याचा एक धक्का लागला.

धक्का अगदी साधा होता. रोज रस्त्यावर असे किती लागतात. पण हा लागून संपला नाही. मागून कुणीतरी जीपचं ढुंगण धरून डावीकडे ओढलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, या वेळी जास्त. फोनमधलं 'ॐ नमः' तुटलं आणि नुसता खडखडाट ऐकू येऊ लागला.

शिखाने आरशात पाहिलं. डावा आरसा नंदीने भरून गेला होता. काळी पाठ, वशिंड, आणि त्याला मिठी मारलेले दोन हात. पुढच्या क्षणी आरसा रिकामा झाला आणि नंदी उजव्या आरशात होता. बसल्या जागी तो दगड एका बाजूचं शेत सोडून दुसऱ्या बाजूच्या शेताकडे निघाला होता, आणि जाताना जीपलाही सोबत नेत होता.

"ब्रेक मार! शिखा, ब्रेक!" कृष्णराव ओरडले.

पाय ब्रेकवर गेलाच होता. अशा वेळी पाय विचारून जात नाही. पण त्याच्याआधी विक्रमचं वाक्य कुठून तरी येऊन तिथे बसलं होतं, आणि शिखाने पाय ब्रेकवरून उचलला. क्लचवर गेलेला दुसराही उचलला. आता दोन्ही पाय हवेत होते, आणि गाडी आपल्या मर्जीने पळत होती.

राहिले हात. हातांना प्रत्येक झोक्याला उत्तर द्यायचं होतं. तो डावीकडे गेला की आपण उजवीकडे. पण माणसाचा हात नेहमी एक क्षण उशिरा पोचतो. झोका परत फिरल्यावर त्याला दिलेला धक्का झोका थांबवत नाही, वाढवतो. झोपाळ्यावर बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. शिखाने स्टेअरिंग घट्ट धरलं, सरळ धरलं, आणि हातांना म्हटलं, नाही. तुम्ही काही करायचं नाही.

पुढचे झोके आधीपेक्षा मोठे आले. स्वानंदी रडायला लागली. आत्या पोत्यांवर असेल की रस्त्यावर, हा विचार शिखाने मनाच्या दारातच अडवला. ती फक्त रस्त्याकडे बघत होती, दूर, जिथे तो सरळ होता.

मग एक झोका आला तो थोडा लहान होता.

तिला वाटलं, भास असेल. त्याच्यानंतरचा आणखी लहान आला. काटा खाली उतरत होता, आणि वेगाबरोबर त्या दगडातला जोरही उतरत होता. कुणी त्याला धरलं नव्हतं, कुणी दामटलं नव्हतं. जीप मंदावली, तसा तो आपोआप मधोमध आला आणि वासरू गाईच्या मागून चालतं तसा निमूट मागून चालू लागला. शिखाच्या अंगावर काटा आला. भीतीचा काटा मघाशीच येऊन गेला होता. हा वेगळा होता.

आता तिने हलकेच ब्रेक लावला, इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली आणि एका चहाच्या टपरीजवळ थांबवली.

ती धावत मागे गेली. आत्या जागेवर होती. टोपी नव्हती, गॉगल नव्हता, एक पातेलं उडून पार मागे रस्त्याच्या कडेला चमकत होतं. आत्याचे दोन्ही हात नंदीच्या वशिंडाभोवती होते आणि गाल त्याच्या पाठीला टेकलेला.

"थांबलीस कशाला?" आत्या म्हणाली. "मुहूर्त आहे." पण आवाज चाळिशीतला नव्हता, आणि वशिंडावरचे हात काही सुटत नव्हते. शिखाने एकेक बोट सोडवलं.

 टपरीवाल्याने न सांगता पाण्याचा जग आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर आत्या हळूच म्हणाली, "कृष्णा, तो उठला होता रे."

"कोण?"

"नंदी. माझ्या हाताखाली उठला. मला कळलं ना. दगड होता, आणि एकदम अंगात जीव आला. त्याला जायचं नाहीये. मागे चला."

"मुहूर्त सोडून?" कृष्णरावांचा चेहरा पडला. "अगं ताई, देऊळ तयार आहे. गुरुजी बसलेत."

"त्याची मर्जी नसेल तर मी कोण?"

"आत्या, आधी तू खाली उतर," शिखा म्हणाली.

"त्याला एकटं सोडून? नाही."

"मग ऐक." शिखाने गाडीची किल्ली मुठीत आवळली. "तू तिथे बसलेली असताना मी गाडी हलवणार नाही. ना पुढे, ना मागे. पुढे भेरूघाट आहे. हा सरळ रस्ता होता म्हणून वाचलो. घाटात वळणावर हे झालं असतं, तर सरळ धरायला रस्ताच नव्हता. सकाळी मी गप्प बसले. आता नाही बसणार."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. या मुलीने असं कधी सुनावलं नव्हतं. पण आत्या उतरली नाही. आणि अशी सगळी अडून बसली. नंदी ट्रेलरवर, आत्या नंदीमागे, कृष्णराव घड्याळाकडे बघत, आणि शिखा गाडीची किल्ली मुठीत धरून.

स्वानंदीने आईचा कुर्ता ओढला. "आई, नंदी खरंच उठला होता?"

शिखाला हसून उडवून लावता आलं नाही. तिच्याही हातांना ते जाणवलं होतं. आत्या खोटं बोलत नव्हती. तिने जे अनुभवलं, ते तसंच होतं.

"उठला होता," ती म्हणाली. "पण त्याला कुणी उठवलं ते बघायचंय?"

तिने भांड्यांच्या ढिगातून लांब दांड्याचा बुंदीचा झारा काढला. भंडाऱ्याचा मोठा झारा, स्वानंदीच्या खांद्यापर्यंत येईल एवढा.

"हा टोकाला धर. दांडीच्या टोकाला. आता जोरात इकडे-तिकडे हलव. आणि मी थांब म्हटलं की लगेच थांबव. थांब!"

झारा थांबला नाही. स्वानंदीचा हात घेऊन तो एक फेरी पुढे गेला आणि ती धडपडली. "अगं, हा ओढून राहिला मला!"

"आता खाली धर. झाऱ्याच्या वाटीजवळ. हलव. थांब!"

झारा तिथल्या तिथे थांबला. स्वानंदीने आधी झाऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. तिने पुन्हा करून पाहिलं. टोकाला धरून, वाटीजवळ धरून, जोरात, हळू.

"हळू हलवला ना, तर टोकाला धरूनपण थांबतो," तिने स्वतःच शोधून काढलं.

"बरोबर. झारा एकच आहे. वजनही तेवढंच. वजन हाताजवळ असलं की हात मालक. वजन लांब गेलं की वजन मालक, आणि हात नोकर. आता तुझा हात म्हणजे जीप. आणि नंदी कुठे होता?"

"वाटीत!" स्वानंदी ओरडली. "पार लांब!"

"मग ब्रेक का नाही मारलास?" कृष्णराव म्हणाले. ते कधी जवळ येऊन उभे राहिले, ते कळलं नव्हतं. "मी ओरडत होतो."

"ट्रेलरला ब्रेक कुठे आहेत, बाबा? ब्रेक फक्त जीपला. जीप थांबली असती, नंदी थांबला नसता. त्याने मागून येऊन आपल्याला आडवं लोळवलं असतं."

कृष्णरावांनी वाकून ट्रेलरची चाकं बघितली. आत्या ट्रेलरवरून हात पुढे करून म्हणाली, "आण तो झारा इकडे."

ती भंडाऱ्यात पन्नास वर्षं झारे चालवत आली होती. तिने दांडी टोकाला धरली आणि एक फेर दिला. मग वाटीजवळ धरली आणि एक फेर दिला. मग डोळे मिटून पुन्हा दोन्ही केलं. टपरीवरची माणसं चहा हातात धरून हे बघत होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "माताजी क्या कर रही हैं भिया?" दुसरा म्हणाला, "कुछ पूजा होगी."

आत्याने डोळे उघडले. वळून आपल्या गादीकडे पाहिलं, सिमेंटच्या पोत्यांकडे पाहिलं, आणि तिचा आवाज परत आला.

"म्हणजे झाऱ्याच्या वाटीत नंदी, आणि त्याच्याही मागे मी? आणि हे तुम्ही मला बसू दिलंत?"

"आम्ही!" शिखाला हसू की रडू कळेना.

"मी म्हातारी आहे, मला नसेल कळलं. तुम्हाला तोंडं नव्हती?"  मग आत्या नंदीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मग याला हाताजवळ घ्या. पुढे."

"आणि महादेव?" कृष्णराव म्हणाले. "मध्ये जागा कुठे राहते?"

"महादेव जीपमध्ये. मागच्या काचेला लागून. काचेतून दिसेल त्याला."

"दोन वेगळ्या गाड्या होतात, ताई. सकाळी तूच म्हणालीस."

"तेव्हा मी अजून मागे बसले नव्हते, कृष्णा." आत्या सावकाश बोलत होती, शब्द नीट शोधून. "दोन वेगळ्या असत्या, तर मागची हलली म्हणून पुढची का हलली असती? मला वाटलं होतं, तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे. तसं नव्हतं. तुमचं लेकरू तिथे रडलं ते मला इथे फोनमधून ऐकू आलं, आणि इथे नंदी वळला तेव्हा तिथे तुम्ही वळलात. गाडी एकच आहे ही. आपणच तिला दोन म्हणत होतो."

 शिखाला इतक्या वर्षांच्या शिक्षणात कुणी हे असं सांगितलं नव्हतं, आणि मघाशी रस्त्यावर तिला जे वाटलं, त्याला हेच शब्द हवे होते.

स्वानंदीला लगेच एक सुचलं. "मनूआजी, गाडी एकच आहे ना? मग तू जीपमध्ये बसलीस, तरी नंदीच्या सोबतच बसलीस की!"

 आपल्याच बोलण्यात सापडलेल्या माणसासारखा आत्याचा चेहरा झाला. मग ती म्हणाली, "कृष्णा, मला हात दे. उतरायचंय."

पुढचं काम जोराचं होतं. दांडी हुकातून सोडली नाही. सोडली असती तर मागच्या वजनाने ट्रेलरने पुढचे पाय वर केले असते. कृष्णरावांनी जीपच्या आणि ट्रेलरच्या चाकांना दगड लावले. टपरीवरची माणसं चहा टाकून आली. पोती उतरली, नंदीखाली नळ्या सरकवल्या, आणि "जय भोले!", "लगा भिया, जोर लगा!" अशा आरोळ्यांत नंदी एकेक वीत पुढे सरकू लागला. चाकांच्या वरून तो थोडा पुढे आला, तेव्हा ट्रेलरची दांडी हुकावर दाबून बसली आणि जीपचं मागचं अंग जरासं खाली गेलं. शिखाने वाकून दांडी हाताने उचलून पाहिली. ती हलली नाही. आता ती फुलासारखी नव्हती, आणि शिखाला तेच हवं होतं. जीपची मागची चाकं दबली असली, तरी पुढची रस्ता सोडणार नाहीत, एवढंही तिने बघून घेतलं. हाताजवळ म्हणजे हाताच्या उरावर नव्हे. नंदी फार पुढे नेला असता तर तेही वाईट.

पोती नंदीच्या दोन्ही कुशींना लागली, सारखी. पट्टे आवळले. जीपच्या मागच्या बाजूच्या बैठका उचलून ठेवल्या, तिथे घोंगडी घालून पिंडीची पेटी बांधली आणि झाकण उघडं ठेवलं. नंदीचं नाक काचेपासून दोन-तीन हातांवर आलं. काचेच्या अलीकडे महादेव, पलीकडे नंदी, मध्ये कुणीही नाही. आत्या मधल्या सीटवर स्वानंदीच्या शेजारी बसली, कुरकुरत पट्टा लावला आणि मागे हात टाकून पेटीवर ठेवला. मग तिने फोन लावला.

"दत्तोपंत? मनोरमा बोलते. महादेव हळू येत आहेत. हो, हळू. मुहूर्त? महादेव येतील तो मुहूर्त. तुम्ही जेवून घ्या."

भेरूघाटाच्या तोंडाशी शिखाने गाडी आधीच मंद केली आणि उतार लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये टाकली, म्हणजे इंजिनच गाडीला मागून धरून ठेवेल आणि ब्रेकला कमी काम पडेल. मग रस्ता खाली वाकला. सागाची पानं झडून गेली होती आणि मधूनच पळस पेटलेले दिसत होते. कठड्यांवर माकडं बसली होती. वळणं एकामागून एक येत होती, आणि शिखा प्रत्येक वळणाआधी वेग उतरवत होती, वळणात नाही.

मागे ट्रकांची रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला, कुणी खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हटलं. सकाळी तिला लाज वाटली असती. आता तिने एक मोकळी जागा बघून त्यांना पुढे जाऊ दिलं आणि पुन्हा आपल्या चालीने निघाली.

एका जागी डोंगर बाजूला झाला आणि दरी उघडी पडली. तिथे वारा असतो. नेमका त्याच वेळी समोरून एक टँकर आला आणि अगदी जवळून गेला. जीप हलली. शिखाला आपल्या पाठीत ते कळलं, मागचा तो पहिला हलका हिसका, डावीकडे. मघाशीही सुरुवात अशीच झाली होती.  कृष्णरावांचे हात समोरच्या दांड्यावर होते, पण ते या वेळी काही ओरडले नाहीत.

शिखाने पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरलं.

हिसका आला आणि गेला. उजवीकडे एक बारीकसा उलट झोका आला, अर्धासुद्धा नाही, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. एवढा मोठा दगड, एवढा मोठा उतार, दरीतून येणारा वारा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध नंदी काचेपाशी मान वर करून बसला होता, महादेवाकडे बघत. डोंगर वळत होता, रस्ता वळत होता, झाडं फिरत होती. मधल्या आरशात तो मात्र जिथल्या तिथे होता.

"आई," स्वानंदी कुजबुजली, "तू आता काय केलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पाय उचलला. आणि थांबले."

आत्या मान वळवून नंदीकडे बघत होती. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "बसलाय. शांत बसलाय गं." आणि मग, जरा दटावून, "तू पुढे बघ."

शिखा पुढे बघू लागली. खाली, झाडांच्या पलीकडे, घाट संपून मैदान सुरू होत होतं, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी नर्मदा होती. तिथवर जायला अजून वेळ होता. तिने गाडी तशीच हळू सोडली.